हिरवी खूण

नुओरोच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
मिस्त्राल वाऱ्यात खिडकीची काच दिवसभर कुरकुरते
आणि मी डॉक्टर बोनारिया देरिऊ यांच्या खुर्चीमागे बसून पाहत राहते
त्या कुठे अडतात, कुठे न वाचताच पुढे जातात,
कुठल्या बटणावर त्यांचं बोट घुटमळतं.
मग काल्यारीला परतते, बसने, तीन तास,
आणि रात्रभर ते घुटमळणं दुरुस्त करते.

पहिल्या आवृत्तीत मी दोन बटणं दिली होती :
मान्य. अमान्य.
'अमान्य' त्यांनी कधीच दाबलं नाही.
पान नुसतं बंद करायच्या.
विचारलं, तर म्हणाल्या,
"अगं, मी नाही कुठे म्हणते?
शुक्रवारपर्यंत थांबायचंय एवढंच.
पोरगी आत्ताच तापातून उठलीय."
थांबण्याचं बटण माझ्याकडे नव्हतं.

पावाचंही तसंच.
माझ्या यादीतला पाव चौकोनी, ग्रॅममध्ये मोजलेला.
इथे घरोघरी पाने कारासाऊ,
पापडासारखा, हात लावताच मोडणारा,
अर्धा खाल्ला की पाऊण,
खाणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

मंगळवारी बाकीझिओ आला.
वय दहा. ओरगोसोलोच्या वरचा मेंढवाडा.
दंडावरचा सेन्सर त्याने दोनदा ओढून फेकलेला,
म्हणून पुन्हा टोचणी, पुन्हा वही.
नर्स तोनीनाने आकडे भरले :
एकशे दहा, एकशे अठरा,
एकशे चार, एकशे बारा.
पडद्यावर हिरवी खूण उमटली,
टपोरी, शेपटीला किंचित वळण असलेली
(त्या वळणासाठी मी आख्खा आठवडा घातला होता)
आणि खाली ओळ :
नियंत्रण उत्तम. डोस बदलू नये.

"वही फार स्वच्छ आहे," तोनीना हळूच म्हणाली.
मला कळेना.
तिने मेजावरची दुसरी एक वही उघडली :
पानोपानी तांबूस ठिपके,
कोपऱ्यात अर्धा अंगठा उमटलेला,
थेंब पुसायच्या आधीच
आकडा लिहिण्याची घाई.
"खऱ्या वहीला रक्त लागलेलं असतं, पोरी."
बाकीझिओची वही दुधासारखी.
एकच पेन, बहुधा एकच दुपार.
तेवढ्यात लॅबचा कागद आला.
तीन महिन्यांची सरासरी : अकरा टक्के.

माझ्या मशीनला सगळे आकडे दिसतात.
न पडलेला डाग
मी कुठल्या रकान्यात भरू?

डॉक्टर रागावल्या नाहीत.
पडदाच त्याच्याकडे वळवला.
"यातलं तुला काय आवडत नाही, सांग."
तो वडिलांच्या बुटांकडे पाहत राहिला.
बुटांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला.
मग त्याने बोट ठेवलं :
मागच्या भेटीतला तीनशे बारा
लाल चौकटीत अजून लुकलुकत होता.
"हा.
हा पाहिला आणि बाबा गाडीत
घरापर्यंत काहीच बोलले नाहीत."

वडिलांनी खोकून घसा साफ केला. बोलले तेव्हाही नाहीत.

लुकलुकणं माझंच.
लक्ष वेधावं म्हणून ठेवलेलं.
कुणाचं, हे मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री मी लाल काढला. हिरवाही.
खूण पुसताना तिच्या वळणाचं थोडं वाईट वाटलं, खोटं का बोला.
आकडे आता शाईच्या रंगाचे,
तीनशे बारा आणि एकशे दहा
एकाच उंचीचे, शेजारी शेजारी.
आणि तिसरं बटण : थांबते.

दोन आठवड्यांनी वही आली.
दोनशे शहाऐंशी. तीनशे एक. अठ्ठ्याण्णव.
मधल्या एका पानावर, शनिवारच्या रकान्यात,
मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका.
मशीनने तत्परतेने डोस वाढवायला सांगितला.
बोनारियाबाईंनी वाचलं, पूर्ण वाचलं,
आणि 'थांबते' दाबलं.
मग खुर्ची मागे सरकवून
त्याला विचारलं,
शनिवारी नेमकं काय काय खाल्लंस रे?

तो सांगू लागला. लांबलचक. मेंढीच्या चीजपासून सुरुवात करून.
मी लॅपटॉप मिटला.
खिडकीची काच कुरकुरत होती.
वडील पहिल्यांदाच मध्ये बोलले :
"आणि मध. मधाचं सांग."